तळवडेकरांचा उजवा कान

गजर बंद करायला पंढरीनाथ तळवडेकर उजव्या कुशीवर वळले आणि समोरचं लोखंडी कपाट चालायला लागलं. कपाटामागून खिडकी निघाली, खिडकीमागून कॅलेंडर, आणि ती सगळी वरात गरगरत त्यांच्या डोळ्यांसमोरून जाऊ लागली. तळवडेकरांनी दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली. पलंग होडीसारखा कलंडतोय याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही.

"अगं," ते डोळे घट्ट मिटून म्हणाले, "बिल्डिंग हलतेय."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर अनसूयाबाईंनी त्याला आधी चहा घ्यायला सांगितलं असतं. पण त्यांचा नवरा वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानदाराच्या तराजूतली खोट तो नुसत्या नजरेने ओळखायचा. आमटी चांगली झालीय हे सांगण्याआधीसुद्धा दोनदा भुरका मारून खात्री करून घ्यायचा. रविवारीही गजर लावणाऱ्या या माणसाने आयुष्यात कधी थाप मारली नव्हती की कुठली गोष्ट वाढवून सांगितली नव्हती. शिवाय दिवसही तसेच होते. त्र्याण्णव सालचा ऑक्टोबर. लातूरकडच्या भूकंपाला महिनाही उलटला नव्हता आणि इकडे भाईंदरलाही लोक झोपताना चपला पलंगापाशी ठेवत होते.

अनसूयाबाईंनी गॅस बंद केला, पदर सारखा केला आणि दार उघडून समोरच्या काशीनाथला हाक मारली. काशीनाथ सोसायटीचा सेक्रेटरी.

"काशीनाथभावजी, सगळ्यांना खाली उतरायला सांगता का? हे म्हणतायत, बिल्डिंग हलतेय."

'हे म्हणतायत' एवढं पुरेसं होतं. बघता बघता शिवांगी अपार्टमेंट रिकामी झाली. कुणी टॉवेलवर, कुणी अर्धी दाढी झालेला, कुणी शिट्टी व्हायची राहिलेला कुकर हातात घेऊन. तळवडेकरांना अनसूयाबाईंनी दंडाला धरून उतरवलं. चौथ्या मजल्यावरच्या हसमुखभाईंनी आपल्या म्हाताऱ्या आईला, बांना, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार जणांच्या मदतीने खाली आणलं. बांचे गुडघे साफ गेलेले. बिल्डर उत्तमशेठने लिफ्टसाठी जागा तेवढी बांधून ठेवली होती, लिफ्ट काही बसवली नव्हती. त्यामुळे इथे राहायला आल्यापासून बा खाली उतरल्याच नव्हत्या. त्यांनी रस्ता, रिक्षा, भाजीची हातगाडी असं सगळं डोळे भरून पाहून घेतलं आणि मुलाला गुजरातीत विचारलं, "ही बिल्डिंग रोज नाही का हलत?"

खाली स्टुलावर ताठ बसल्यावर तळवडेकरांना एकदम बरं वाटलं. जमीन जागच्या जागी होती. त्यावरून वर बिल्डिंगच हलत होती, हे त्यांच्या मनात आणखी पक्कं झालं.

"साहेब, नक्की ना?" काशीनाथने विचारलं. "नाही म्हणजे, आम्हाला कुणाला काय जाणवलं नाही."

"बघू," तळवडेकर म्हणाले. ते भिंतीपाशी गेले आणि मान मागे टाकून वर गच्चीच्या कठड्याकडे बघू लागले. क्षणभर काही झालं नाही. मग कठडा सुटला. तळवडेकरांनी काशीनाथचा खांदा धरला.

"कलतेय," ते म्हणाले. "उजवीकडे."

सगळ्यांनी माना वर केल्या. ऑक्टोबरातले पांढरे ढग समुद्राकडून येऊन कठड्यावरून पुढे सरकत होते. सरकत्या ढगांखाली उभं राहून उंच भिंतीकडे पाहिलं की ती भिंत अंगावर आल्यासारखी वाटतेच, पण हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून पाहिलं, आणि पाहिलं तर खरंच बिल्डिंग येत होती.

"मेरे को तो परसों से लग रहा था," हसमुखभाई म्हणाले.

तेवढ्यात राई गावाहून मासे घेऊन येणाऱ्या इंदुबाई डोक्यावर पाटी घेऊन फाटकातून आत आल्या. माणसं खाली आणि दारं उघडी टाकलेली पाहून त्यांनी पाटी उतरवली. काय झालं ते ऐकून त्यांना मुळीच नवल वाटलं नाही.

"मंग काय व्हनार?" त्या म्हणाल्या. "ही सगली खाडी व्हती. माजा सासरा हितंच चिंबोऱ्या धरायचा. तुमी हुबं हाव ना भाऊ, तितंच."

काशीनाथ तिथून बाजूला झाला. मग तो वाण्याकडे जाऊन उत्तमशेठला फोन करून आला.

उत्तमशेठचं ऑफिस काशीमीऱ्याला होतं. एरवी तिथे कधीही फोन केला तर शेठ साइटवर गेलेले असायचे आणि साइटवर जावं तर शेठ ऑफिसात असायचे. त्या दिवशी मात्र 'बिल्डिंग पडतेय' एवढं ऐकून शेठ स्वतः फोनवर आले आणि फोन ठेवताच गाडीत बसले. त्याला कारणही होतं. शेजारच्याच प्लॉटवर त्यांच्या दुसऱ्या बिल्डिंगचा बोर्ड लागला होता, दिवाळीत बुकिंग उघडायचं होतं आणि रविवार असल्यामुळे जागा बघायला आलेली दोन-तीन कुटुंबं रस्त्यापलीकडे उभी राहून हा तमाशा लक्ष देऊन बघत होती.

"कोण म्हणतं बिल्डिंग हलते?" गाडीतून उतरता उतरता शेठ म्हणाले.

"तळवडेकरसाहेब," सगळे म्हणाले.

शेठनी बरोबर धाकू मिस्त्रीला आणलं होतं. धाकूने गच्चीवर जाऊन कठड्यावरून दोरीला बांधलेला ओळंबा खाली सोडला. दोरी भिंतीला अगदी समांतर लटकली. वरपासून खालपर्यंत अंतर तेवढंच.

"बघा, एकदम सरळ," शेठ हात पसरून म्हणाले. "तुम्ही लोक मला मानणार नाय. चला, साहेबच बघू देत. साहेब, तुम्ही वजनमापेवाले. तुम्ही बोला, आम्ही मानतो."

तळवडेकर पुढे झाले. ओळंब्याचं वजन त्यांनी पारखून घेतलं, ते स्थिर झाल्याची खात्री केली आणि मग ते दोरीवरून नजर वर वर नेऊ लागले. दुसऱ्या मजल्यापर्यंत दोरी सरळ होती. तिसऱ्या मजल्यापाशी मान पुरती मागे गेली आणि दोरीने गिरकी घेतली. तळवडेकर मटकन खाली बसले आणि त्यांना कोरडी उलटी झाली.

पलीकडच्या कुटुंबांपैकी एक चालू लागलं.

"काय पाहिजे ते बोला," शेठ घाम पुसत हळू आवाजात म्हणाले, "पण आधी सगळे वर जा."

काशीनाथ या प्रश्नाची दोन वर्षं वाट बघत होता. "लिफ्ट," तो म्हणाला.

"देतो."

"कंपाउंडची भिंत पुरी करून."

"देतो."

"आणि पाया उघडून, तपासून, मजबूत करून."

"उद्यापासून माणसं लावतो. आता वर जा ना बाबा."

पाया मजबूत होईपर्यंत अनसूयाबाई काही त्या घरात झोपायला तयार नव्हत्या. त्यांची धाकटी बहीण आशा चेण्याला राहायची. तिच्या सासरचं बैठं, कौलारू घर होतं, मागे डोंगर, आजूबाजूला झाडी. दोघं पिशवी भरून तिकडे गेली. दुपारी जेवण करून तळवडेकर निर्धास्त मनाने चटईवर आडवे झाले, उजव्या कुशीवर वळले आणि वरची कौलं चालायला लागली.

तळवडेकर उठून बसले. कौलं थांबली. ते डाव्या कुशीवर वळले. काही नाही. पुन्हा उजव्या. कौलं निघाली. त्यांच्या खात्याचा नियमच होता की दुकानदाराचा तराजू खोटा ठरवण्याआधी आपलं स्वतःचं वजन तपासून घ्यायचं. हा नियम त्यांनी नोकरीभर पाळला होता. सकाळी मात्र तो त्यांना आठवला नव्हता. त्यांना दरदरून घाम फुटला, आणि तो चक्कर आल्यामुळे नव्हता.

"आशा," त्यांनी विचारलं, "हे घर हलतं का गं कधी?"

"आमचं घर?" आशाला ते लागलं. "भावोजी, मामंजींनी खडकावर बांधलंय हे."

"तेच म्हणतोय मी," तळवडेकर खिन्नपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते भाईंदरला कान-नाक-घशाच्या डॉक्टर सुचेताबाईंकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना टेबलावर बसवलं, त्यांचं डोकं उजवीकडे वळवून धरलं आणि "डोळे मिटायचे नाहीत हं," असं म्हणत त्यांना एकदम मागे आडवं केलं. दवाखाना गरगर फिरला. डॉक्टरीणबाई त्यांच्या बुबुळांकडे अशा समाधानाने बघत होत्या की जणू त्यांना हवं तेच दुकानात मिळालं.

"मेंदूत काही झालंय का?" तळवडेकरांनी उठून बसल्यावर विचारलं.

"मेंदू उत्तम आहे. कानाचा घोळ आहे. कानाच्या अगदी आत तोल सांभाळणारा भाग असतो. तिथे चुनखडीसारखे बारीक कण असतात. ते आपली जागा सोडून भलत्या नळीत शिरले की मान वळवली, वर बघितलं, कूस बदलली की मेंदूला वाटतं माणूस फिरतोय. तुमचे उजव्या कानातले कण सुटलेत."

"म्हणजे आमची बिल्डिंग..."

"तुमच्या बिल्डिंगचं मला काय माहीत?"

गोळ्यांनी कण जागेवर जात नाहीत, व्यायामाने जातात, असं त्यांनी सांगितलं. पलंगाच्या कडेवर बसायचं, एका अंगावर झटकन आडवं व्हायचं, गरगरणं थांबेपर्यंत तसंच पडून राहायचं, उठून बसायचं आणि मग दुसऱ्या अंगावर. सकाळ-संध्याकाळ. सुरुवातीला जास्त चक्कर येईल, घाबरायचं नाही. उठताना घाई करायची नाही, माळ्यावरचं काही काढायला जायचं नाही, मान वर करून बघायचं नाही. "बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा होऊ शकतं. या कानाला काय, दुसऱ्याही कानाला."

तळवडेकर थेट काशीनाथकडे गेले. खाली पायाच्या चारही बाजूंनी माणसं खणत होती आणि लिफ्टच्या खड्ड्यात कामगार उतरले होते.

"काशीनाथ, बिल्डिंग सरळ आहे," ते म्हणाले. "माझा कान बिघडलाय. मी आत्ताच सगळ्यांना सांगतो आणि उत्तमशेठचीही माफी मागतो."

काशीनाथने आधी दार लावून घेतलं. "साहेब, लिफ्टची मोटर परवा येतेय."

"म्हणून काय झालं? मी खोटं बोललोय."

"तुम्ही खोटं कुठे बोललात? तुम्हाला हलताना दिसली, तुम्ही सांगितलंत. आणि लिफ्ट त्याने घर विकतानाच कबूल केली होती ना? आपण काय फुकट मागतोय?"

"ते वेगळं, हे वेगळं."

काशीनाथने खिडकीतून वाकून खाली खणणाऱ्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बा काल रात्री जेवल्या नाहीत. हसमुखभाई सांगत होते. म्हणतात, मला परत खाली न्या, त्या मासेवालीशी बोलायचं राहिलंय. बा माशाला हात लावत नाय, पण त्यांना बोलायचंय. साहेब, लिफ्ट चालू होऊ दे, मग तुम्ही गच्चीवर चढून सांगा."

तळवडेकरांनी बराच वेळ विचार केला. "कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगणार," ते शेवटी म्हणाले. "पण नाही विचारलं, तर लिफ्ट सुरू होईपर्यंत आपणहून सांगणार नाही."

"चालेल," काशीनाथ म्हणाला. "विचारणार कोण नाय, ते मी बघतो."

आणि त्याने ते बघितलं. उत्तमशेठ कामावर आले की जिन्याच्या तोंडाशीच त्यांच्या हातात कुठल्या ना कुठल्या घरचा चहा पडू लागला. दोन चहा झाले की शेठना वर चढायचं त्राण राहायचं नाही. तरी एकदा ते सगळ्यांची नजर चुकवून चौथ्या मजल्यावर पोचलेच. तळवडेकरांचं दार उघडं होतं; दोष कानाचा आहे हे कळल्यावर दोघं चेण्याहून परत आली होती. आत पलंगाच्या कडेवर बसलेले तळवडेकर झटकन डाव्या अंगावर कोसळले, डोळे सताड उघडे ठेवून तसेच पडून राहिले, उठून बसले, थोडा वेळ थांबले आणि उजव्या अंगावर कोसळले. या वेळी त्यांनी पलंगाची कड धरली आणि तोंडाने 'कमी आहे, आता कमी आहे' असं पुटपुटले.

शेठ दारातच थिजले. "वहिनी, साहेब काय करतात?"

अनसूयाबाईंनाही खोटं बोलता येत नसे. "तोल बघतायत," त्या म्हणाल्या. "रोज सकाळ-संध्याकाळ बघतात."

"किती बाकी आहे?"

"आधी खूप होतं. आता कमी होत चाललंय म्हणतात."

शेठ आल्या पावली खाली गेले आणि त्यांनी पायावरची माणसं वाढवली. दोन दिवसांनी त्यांनी काशीनाथला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेबांचं मशीन नाय, काय नाय, नुसता अंगाने मोजतो माणूस. असा सरकारी माणूस मी पाहिला नाय." काशीनाथने नुसती मान डोलावली. तळवडेकरांना हे कळलं तेव्हा त्यांना जेवण गेलं नाही. बाहेर पडले की भिंतीचं काम करणारा धाकू त्यांना सलाम करायचा, लिफ्टवाले थांबून "बरं वाटतंय का साहेब आता?" असं विचारायचे, आणि ते तब्येतीला विचारतायत की बिल्डिंगला, हे न कळल्यामुळे तळवडेकर "सुधारणा आहे" एवढंच सांगून घाईने निघून जायचे. कान बरा होत होता, पण मन भोवंडत होतं.

दिवाळीच्या तोंडावर लिफ्ट सुरू झाली. उत्तमशेठने मांडव घातला, पेढे मागवले आणि शेजारच्या नव्या बिल्डिंगची सगळी गिऱ्हाइकं मुद्दाम त्याच दिवशी बोलावली. नारळ बांनी फोडला. त्या लिफ्टमधून एकदा वर गेल्या, एकदा खाली आल्या, आणि खाली आल्यावर त्यांनी इंदुबाईंना खुर्ची आणून द्यायला लावली. दोघी शेजारी शेजारी बसल्या. एक गुजरातीत बोलत होती, दुसरी आपल्या राईच्या बोलीत, आणि दोघींचं छान चाललं होतं.

सगळं सुरळीत पार पडतंय असं वाटत असतानाच उत्तमशेठ तळवडेकरांना दंडाला धरून मांडवाच्या मध्यभागी घेऊन आले. काशीनाथ चहाचे कप टाकून धावला, पण त्याला उशीर झाला होता.

"हे आमचे तळवडेकरसाहेब," शेठ गिऱ्हाइकांना म्हणाले. "वजनमापे खात्यात आहेत. खोटं बोलत नाय. साहेब, या सगळ्यांच्या समोर सांगा. आता बिल्डिंग हलते का?"

प्रश्न विचारला गेला होता. तळवडेकरांनी एकदा अनसूयाबाईंकडे पाहिलं. मग ते मांडवाबाहेर आले, दोन पाय रोवून उभे राहिले आणि त्यांनी सावकाश मान मागे टाकली. पहिला मजला, दुसरा, तिसरा, चौथा, कठडा. कठडा जागेवर होता. किती दिवसांनी त्यांना कठड्यावरचं आकाश नीट दिसलं.

"हलत नाही," ते म्हणाले.

शेठनी टाळी वाजवायला हात उचलले.

"आणि आधीही हलत नव्हती. माझ्या उजव्या कानात दोष होता, त्याने चक्कर यायची. बिल्डिंग पहिल्यापासून सरळच आहे. शेठ, तुम्हाला उगाच त्रास झाला. मला माफ करा."

वर लिफ्टचं दार कुणीतरी लावून घेतलेलं खाली मांडवात ऐकू आलं. काशीनाथने डोळे मिटले. शेठचे उचललेले हात तसेच राहिले होते आणि त्यांचा चेहरा मानेपासून वर लाल होत चालला होता.

"एक मिनिट," गिऱ्हाइकांतल्या एक बाई म्हणाल्या. त्यांचं नाव नीलम. गिरगावातून आल्या होत्या आणि गेले सहा-सात रविवार नवरा-बायको घर शोधत वसईपर्यंत फिरून आले होते. "म्हणजे ह्यांच्या एकट्याच्या कानाला वाटलं म्हणून ह्या शेठनी सगळा पाया उघडून बघितला?"

"हो," तळवडेकर अपराधी आवाजात म्हणाले.

"आणि मजबूत पण केला?"

"हो. चारही बाजूंनी."

"आणि लिफ्ट?"

"तीही तेव्हाच."

नीलमबाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, आपला घरमालक नळाचा वायसर बदलत नाही. हा माणूस कुणाच्या कानाचं ऐकून पाया खणतो. मला इथेच घर हवंय."

मागून कुणीतरी "आम्हालाही" म्हणालं. शेठच्या चेहऱ्यावरची लाली हळूहळू उतरली, हात खाली आले आणि छातीवर जोडले गेले. "आपला नियमच आहे," ते नम्रपणे म्हणाले. "राहणाऱ्या माणसाला काय वाटतं ते आधी बघायचं. साहेबांना विचारा." आणि त्यांनी आपल्या हाताने तळवडेकरांना पेढा भरवला.

संध्याकाळी तळवडेकर किती तरी दिवसांनी हलक्या मनाने घरात बसले होते. मुद्दाम उजव्या कुशीवर आडवे होऊन त्यांनी कपाटाकडे बघून घेतलं. कपाट हललं नाही. तेवढ्यात काशीनाथ आला. त्याने पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, अनसूयाबाईंनी दिलेला चिवडा संपवला.

"साहेब, रागावला नाहीत ना माझ्यावर?"

"मी कशाला रागावू? झालं ते झालं."

"नाही, बरं झालं एका परीने. शेठ पण खूश आहे." काशीनाथने खुर्ची जरा जवळ ओढली. "आता फक्त गच्चीचं राहिलं. पावसात वरून पाणी येतं ना, तुमच्या न्हाणीघरात, आमच्या बेडरूममध्ये. तेवढं एकदा करून घ्यायला पाहिजे होतं शेठकडून."

"मग सांगा की त्यांना."

"सांगितलं. बघू म्हणाला." काशीनाथने घसा साफ केला. "साहेब, तुमचा डावा कान कसा आहे?"

तळवडेकरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वर छताच्या कोपऱ्यात आलेल्या ओलीच्या डागाकडे पाहिलं. प्रश्न सरळ विचारला होता, त्याला सरळ उत्तर देणं भाग होतं.

"सध्या ठीक आहे," ते नीट विचार करून म्हणाले. "पण डॉक्टर म्हणाल्यात, काही सांगता येत नाही."